एका संडासाची जाहीर छाननी

कोणतीही इमारत लोकांसाठी बांधायची म्हटली की सर्वांत मोठी अडचण लोकांचीच होते. लोकांना जिने चढवत नाहीत, ऊन सोसत नाही, तहान लागते, आणि पाणी प्यायलं की पुढचंही लागतं. इमारतीला यातलं काहीच होत नाही, म्हणून ती श्रेष्ठ. तरीही लोकांना विचारल्याशिवाय बांधणं बरं दिसत नाही. यावर शहाण्या पालिकांनी एक उत्तम पद्धत काढली आहे: आधी इमारत कागदावर काढायची, कागद लोकांना दाखवायचा, लोकांना बोलू द्यायचं, आणि त्यांचं बोलून संपलं की कागदाप्रमाणे बांधायची. हिला जाहीर छाननी म्हणतात. हिच्यात इमारतीची नव्हे तर लोकांचीच छाननी होते, असं काही कुजकट माणसं म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. (लक्ष दिलेलं नाही, याची नोंद आहे.)

तर एका बागेत एक पत्र्याची शेड होती. शेडमध्ये चार बाकं आणि शेडच्या पाठीमागे एक संडास. संडासाची कडी तुटलेली. आत बसणाऱ्याने दार एका पायाने दाबून धरायचं आणि बाहेर चाहूल लागली की खोकायचं, अशी व्यवस्था लोकांनी आपसांत बसवली होती. (पालिकेच्या अहवालात ही व्यवस्था 'लोकसहभाग' या सदराखाली येते.) वास यायचा, खोटं कशाला बोला. पण संडास होता.

बागेसमोर पहिल्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहायची. पँटची चेन बदलण्यात तिचा हातखंडा, म्हणून सगळे तिला चेनवाली म्हणायचे. घर दोन खोल्यांचं, उजेडाची खिडकी एकच, खिडकीशी मशीन. घरात नवरा आणि सासरे. सासऱ्यांना ती मामंजी म्हणायची, आणि तिचं ऐकून खालचा न्हावी, दूधवाला आणि बागेचा माळीसुद्धा त्यांना मामंजीच म्हणायला लागले होते.

मामंजी पूर्वी बसचे कंडक्टर. "गाडी थांबत नव्हती म्हणून उभा जन्म मी धरून ठेवलं," ते सांगायचे. "आता ते मला धरून आहे." डॉक्टरांनी गोळी दिली होती. गोळीने लागायचं थांबलं नाही, चक्कर तेवढी सुरू झाली. तरी रोज सकाळी ते खाली उतरायचे, शेडमध्ये ऐसपैस बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला "पुढे चला, दारात गर्दी नको" म्हणून छेडायचे, मधूनमधून मागे जाऊन खोकून यायचे आणि जेवायला वर यायचे. शेडमागे संडास आहे, एवढ्या एका भरवशावर हा माणूस माणसांत होता.

मग शेड पाडली, कारण तिथे पर्यावरणपूरक समाजभवन होणार होतं. शेडबरोबर संडासही गेला. मामंजी त्यानंतर दोनदा खाली गेले आणि दोन्ही वेळा परतताना जिन्यातच उशीर झाला. मग ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. चेनवालीच्या मशीनवर त्यांची सावली पडायला लागली. ती काही बोलली नाही. तेही बोलेनात, आणि हे जास्त वाईट होतं. मुका कंडक्टर कधी कुणी पाहिलाय?

दिवसातून एकदा मात्र विचारायचे, "संडास बांधतायत का बघ गं."

"खड्डाच आहे अजून, मामंजी."

"मग खड्डाच द्या म्हणावं. माझं काही म्हणणं नाही."

म्हणून चेनवाली जाहीर छाननीच्या पहिल्या सभेला गेली.

सभा बागेतच, मांडव घालून होती. (मांडवासाठी दोन झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या. त्यांच्यामागे झाडं वाचवण्यासंबंधीचा फलक दिसत नव्हता.) भवनाला राष्ट्रीय पातळीवरचा 'पाच पानं' हा दर्जा मिळवायचा होता. माती, पाणी, वारा, ऊन आणि समाज, असं प्रत्येकी एकेक पान. प्रत्येक पानाचा वेगळा फलक आणि प्रत्येक फलकापाशी एक सल्लागार. या सगळ्यांवर पालिकेने नेमलेली एक समन्वयकबाई होती. हिचा स्वभाव इतका गोड, की कुणी काहीही म्हणालं तरी ती आधी "छान" म्हणायची. एकाने तिला सांगितलं की माझी गाडी तुमच्या टेम्पोने ठोकली, तर त्यालाही ती म्हणाली, छान, नोंद घेते. लोक तिला छानबाई म्हणायला लागले ते त्याच दिवसापासून.

"संडास कुठाय यात?" चेनवालीने विचारलं.

"छान प्रश्न आहे. तो पाण्याखाली येतो."

पाण्याच्या सल्लागाराने सांगितलं की हे भवन फक्त पावसाचं पाणी पिईल आणि एक थेंबही बाहेर सोडणार नाही. संडास बाहेर सोडतो, तेव्हा तो विषय मातीचा. मातीच्या फलकापाशी स्वतः वास्तुविशारद उभे होते. त्यांच्या मुठीत मातीचं ढेकूळ होतं, ते बोलता बोलता चुरत होते आणि संपलं की खिशातून दुसरं काढत होते.

"ताई, हे भवन शून्य कचरा भवन आहे," ते म्हणाले. "आता एकीकडे शून्य कचरा म्हणायचं आणि दुसरीकडे संडास दाखवायचा, म्हणजे आपणच आपल्यावर संशय घेतल्यासारखं नाही का होत?"

"पण माणसं येणार ना आत?"

"माणसांसाठीच आहे. पण ती कचरा करणार नाहीत, असं गृहीत आहे."

"कचरा कशाला म्हणता? मी आमच्या मामंजींबद्दल बोलतेय."

वास्तुविशारद हळवे झाले. त्यांनी तिला समाजाच्या फलकावरचं भवनाचं मोठं रंगीत चित्र दाखवलं. मातीच्या भिंती, छपरावर गवत, दारात फुगा घेतलेली मुलगी, एक पळणारं जोडपं, एक कुत्रा, आणि बाकावर एक म्हातारा. म्हाताऱ्याचा कणा ताठ, दाढी पांढरीशुभ्र, पायात पळायचे बूट, आणि तो एका फुलपाखराकडे बघून हसत होता. "बघा," ते म्हणाले, "ज्येष्ठांचा विचार पहिल्याच दिवशी केलाय."

चेनवालीने त्या चित्राचं माहितीपत्रक घरी नेलं. मामंजींनी ते खिडकीशी धरून बराच वेळ बघितलं.

"हा म्हातारा नव्हे. याला नुसती दाढी लावलीये," ते म्हणाले. "म्हातारा असता तर फुलपाखराकडे कशाला बघेल? आडोसा बघेल."

बऱ्याच दिवसांनी ते एवढं बोलले. तेवढ्यावरच चेनवालीला जोर आला. तिने पालिकेत इतक्या खेपा घातल्या, की दुसऱ्या सभेच्या विषयपत्रिकेवर तिचा विषय आला. फक्त 'संडास' हा शब्द कार्यालयीन भाषेत बसेना. 'शौचालय' बसत होता, पण वास्तुविशारदांच्या मते तो भिंतींच्या रंगाशी जाईना. सभेचा पहिला तास नाव ठरवण्यात गेला आणि शेवटी 'निकड-कक्ष' हे नाव टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. (पुढे वर्षभर कागदोपत्री हेच नाव चाललं. नावाबद्दल एकही तक्रार आली नाही. कक्ष नसल्यामुळे त्याबद्दलही आली नाही.)

मग चेनवालीला दोन मिनिटं मिळाली. ती उभी राहिली, ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "माझे सासरे म्हातारे आहेत. त्यांना घाईची लागते. इथे संडास होता तोवर ते बाहेर बसायचे, चार लोकांशी भांडायचे. आता खिडकीत बसतात आणि कुणाशीच भांडत नाहीत. मला एवढंच सांगा, संडास होणार की नाही?" आणि ती बसली. तिची दोन मिनिटं संपलीसुद्धा नव्हती.

छानबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने छान म्हणायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच मिटलं. मग टाळ्या. मागच्या रांगेतून मुद्देवाले काका उठले. हे निवृत्त अधिकारी, प्रत्येक सभेत "मी फक्त दोनच मुद्दे मांडतो" म्हणून सुरुवात करायचे आणि पाठीमागचे लोक तेवढ्यात चहा पिऊन यायचे. पण त्या दिवशी त्यांचे सगळे मुद्दे चेनवालीच्या बाजूचे होते. आज ते सासरे आहेत, उद्या आपण असू, असंही ते म्हणाले. सभेने एकमुखाने ठरवलं की निकड-कक्ष हवाच. चेनवालीला बायकांनी जवळ घेतलं. एकीने तर विचारलं, "मामंजींना डबा पाठवू का?"

आता फक्त जागा ठरवायची राहिली होती.

यासाठी आधुनिक पद्धत वापरण्यात आली. बागेचा नकाशा टेबलावर पसरला आणि प्रत्येक नागरिकाला तीन हिरवे आणि एक लाल असे चिकटवायचे ठिपके दिले. आवडेल तिथे हिरवा, नको असेल तिथे लाल. शेजारी भवनाचं चित्रही होतं, त्यामुळे बहुतेक हिरवे तिकडेच गेले. (सर्वाधिक हिरवे ठिपके कुत्र्याला पडले. कुत्रा भवनाचा भाग नाही, असं ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगूनही.) लाल ठिपके मात्र लोकांनी फार विचारपूर्वक वापरले. पूर्वेकडे राहणाऱ्यांनी पूर्वेला लावले, पश्चिमेकडच्यांनी पश्चिमेला. पळणाऱ्यांनी पळायच्या वाटेवर लावले, योगासनंवाल्यांनी हिरवळीवर. झाडांवर प्रेम करणाऱ्यांनी प्रत्येक झाडाखाली एकेक लावला आणि कमी पडले तेव्हा शेजाऱ्यांकडून मागून घेतले. डबा पाठवू म्हणणाऱ्या बाईने आपला लाल ठिपका झोपाळ्यापाशी लावला आणि चेनवालीचा हात दाबून म्हणाली, "तिथे लहान मुलं असतात ना गं. पण व्हायलाच हवा हं."

कुणीही संडासाच्या विरोधात नव्हतं, हे इथे ठासून सांगितलं पाहिजे. नकाशावर एकही ठिपका संडासाच्या विरोधात नव्हता. प्रत्येक ठिपका फक्त एका जागेच्या विरोधात होता.

शेवटी दोनच जागा कोऱ्या उरल्या. एक तळ्याच्या मध्यभागी. दुसरी बागेच्या कुंपणाशी, बरोब्बर चेनवालीच्या खिडकीखाली.

चेनवालीने आपले तिन्ही हिरवे ठिपके निकड-कक्षाच्या नावापुढे लावले होते. लाल तिच्या बोटाला तसाच चिकटून होता. ती खिडकीखालच्या जागेकडे बघत राहिली. तिला जुन्या संडासाचा वास आठवला. कपडे द्यायला येणारी गिऱ्हाइकं आठवली, ती आधीच जिन्यात नाक मुरडायची. आणि इतकी मोठी बाग आहे, तिला वाटलं, जरा पलीकडे होईल की कुठेतरी. मामंजींना चार पावलं जास्त पडली तर पायही मोकळे होतील.

"न वापरलेला ठिपका बाद होतो हं, ताई," छानबाई मागून गोड आवाजात म्हणाली.

चेनवालीने ठिपका लावला.

राहता राहिलं तळं, आणि तळ्याचा मध्य बिनविरोध निवडून आला. वास्तुविशारदांना तर हेच हवं होतं. तरंगता निकड-कक्ष जगात फार थोड्या ठिकाणी आहे, असं ते म्हणाले, आणि ढेकूळ नसलेल्या हाताने त्यांनी तिथल्या तिथे तो काढूनही दाखवला. छोट्या होडीने जायचं, शांतपणे बसायचं, होडीने यायचं. "पण माशांचं काय?" कुणीतरी विचारलं. प्रश्न रास्त होता. माशांना काय वाटेल याच्या अभ्यासासाठी समिती नेमण्यात आली आणि भवनाचं काम अडू नये म्हणून ते मूळ कागदाप्रमाणे सुरू करण्यात आलं.

चेनवालीच्या भाषणाचा काहीच परिणाम झाला नाही असं मात्र कुणी म्हणू नये. वास्तुविशारदांनी भवनाच्या दारात एक खास बाक वाढवला आणि त्याला 'मामंजींचा बाक' असं नाव दिलं. मातीचा, हाताने लिंपलेला, फार सुंदर बाक. समाजाच्या पानासाठी त्याचे जास्तीचे गुण मिळाले आणि भवन पाच पानांना पोचलं.

उद्घाटनाला मामंजींना मानाने बोलावलं. "मी येत नाही," ते म्हणाले. चेनवालीने मनधरणी केली. तुमच्या नावाचा बाक आहे, असं बरं दिसतं का, पाचच मिनिटं बसा, मी आहे ना. शेवटी ते उठले. सकाळपासून त्यांनी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. चांगला सदरा घातला, केस विंचरले, आणि जिना उतरताना हळूच म्हणाले, "पाचच मिनिटं हं. फेरी लांबवू नका."

भवन देखणं होतं, यात शंका नाही. भिंती गार, छपरावर गवत डुलत होतं. जमीन शेणामातीची असल्याने आत एका वेळी फार लोकांनी जाऊ नये, आणि शक्यतो कुणीच जाऊ नये, अशी पाटी होती. मामंजींना बाकावर बसवलं. समोर पाहुणे, पाहुण्यांची भाषणं. मग छायाचित्रकार आला. त्याच्या हातात ते जुनं चित्र होतं आणि त्याला तसंच हवं होतं. फुगा घेतलेली मुलगी आणली होती. कुत्राही भाड्याने आणला होता.

"आजोबा, ताठ बसा. जरा वर बघा. फुलपाखरू आहे असं समजा. हसा."

"सूनबाई," मामंजी म्हणाले.

"झालंच, मामंजी. एवढा एक फोटो."

"सूनबाई."

चेनवाली पुढे झाली तोवर उशीर झाला होता. मामंजी ताठ बसले होते, वर बघत होते, आणि त्यांच्या चांगल्या पँटवरून खाली बाकाच्या मातीत एक गडद डाग पसरत चालला होता. कुणी हसलं नाही. माणसं फार सुसंस्कृत होती. सगळ्यांनी एकदम छपरावरच्या गवताकडे बघितलं आणि ते किती हिरवं आहे याबद्दल बोलायला लागले. वास्तुविशारद तेवढे बाकापाशी वाकले, डागावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बघा, माती किती पटकन शोषून घेते." (वार्षिक अहवालात या प्रसंगाची नोंद आहे. पाण्याच्या पानाखाली: 'वापरकर्त्यांकडून परत मिळालेलं पाणी, किंचित.')

चेनवालीने आपली ओढणी मामंजींच्या कमरेला गुंडाळली आणि त्यांना घरी आणलं. जिन्यात ते म्हणाले, "या पँटची चेन चांगली होती. उगाच बसवलीस, उघडायची वेळच आली नाही." त्यानंतर त्यांनी खुर्ची खिडकीकडून काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली. मशीनवर आता भरपूर उजेड यायला लागला. तिला त्या उजेडात एकही टाका घालवेना.

दुसऱ्या दिवशी ती पालिकेत गेली आणि खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं, "संडास कुणी रद्द केला, मला त्याचं तोंड बघायचंय."

कारकून सज्जन होता. त्याने तिला आत बसवलं, पंखा तिच्याकडे वळवला.

"रद्द कुणी केला नाही, ताई. मंजूरच झाला नाही. लोकांची इच्छा नव्हती."

"लोकांची? अहो, सभेत एक हात खाली नव्हता."

"सभेतले सगळे तुमच्या बाजूने, अगदी कबूल. पण सभेला आले किती? शंभरेक. या भागात नागरिक किती? चाळीस हजार. मग बाकीचे का आले नाहीत?"

"मला काय माहीत?"

"आम्हाला माहीत असावं लागतं ना. ज्याला अडचण असते तो येतो. जो येत नाही त्याला अडचण नाही, म्हणजे आहे त्या आराखड्यावर तो समाधानी आहे. आहे त्या आराखड्यात निकड-कक्ष नव्हता." त्याने दोन्ही हात पसरले. "आम्ही लोकांविरुद्ध कसं जाणार?"

चेनवालीने पंखा परत त्याच्याकडे वळवला.

"तुमच्या घरून कोण आलं होतं?" त्याने आपुलकीने विचारलं.

"मी."

"आणि मिस्टर?"

"ते घरी होते."

"मग बघा. तुमच्याच घरात एकास एक फिटलं."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, त्या संध्याकाळी का नाही आलास. तो टीव्ही बघत होता. आवाज थोडा कमी केला, तेवढा त्याच्यात चांगुलपणा होता. "तू होतीस की," तो म्हणाला. "आणि मी येऊन काय होणार होतं? ठरलेलंच असतं सगळं यांचं."

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मामंजींनी खुर्चीचे हात धरून उठायला बघितलं. त्यांनी फक्त विचारलं, "मला नेतेस का गं, आत?" आणि ती त्यांना धरून न्हाणीकडे घेऊन गेली.

नवऱ्याचा राग आला असेल, तर येऊ द्या, माणूस त्याच लायकीचा आहे. वास्तुविशारदांना शिव्या घाला, छानबाईची नक्कल करा, चेनवालीने तो ठिपका तिथे लावायला नको होता असंही खुशाल म्हणा. तुम्ही एवढं वाचलंत, हळहळलात, त्याबद्दल आभार. फक्त एक सांगायचं राहिलं. निकड-कक्षाची फेरछाननी लागली आहे, यंदा तुमच्या बाजूच्या बागेत मांडव आहे. त्या संध्याकाळी तुम्हाला काम आहे. काम खरंच आहे, कुणी नाकारत नाही. दगदग करून येऊ नका. तुमचं मत आमच्याकडे पोचलेलं आहे.